दुपारची पंगत

भिवंडीत कोण कुठून आलं याचा अंदाज जनगणनेच्या तक्त्यांपेक्षा दुपारच्या डब्यांतून लवकर येतो. तांदळाची भाकरी आणि सुकट निघाली, तर डबा बहुधा काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ अशा एखाद्या आगरी गावातून आलेला. भातासोबत अंबाडीची झणझणीत आंबट चटणी असेल, तर तो पद्मानगरातल्या तेलुगू घरातला. कागदात गुंडाळलेली लिट्टी, कांदा आणि वांग्याचा चोखा असेल, तर माणूस बिहारचा किंवा पूर्व उत्तर प्रदेशाचा. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिठलं घाटावरून किंवा मराठवाड्यातून आलेल्या हमालाचं. या सगळ्यांची जेवायची वेळ एकच. प्रश्न एवढाच, की ते एकाच वेळी जेवतात की एकत्र जेवतात. या दोहोंत फरक आहे, आणि हे प्रकरण त्या फरकाविषयी आहे.

चार मुलखांचं गाव

कामवारी नदीच्या काठचं हे गाव फार पूर्वीपासून व्यापाराचं. खाडीवाटे समुद्राशी जोडलेलं असल्याने इथे कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. भोवतालच्या गावांत आगरी आणि कोळी, त्यापलीकडे वारली आणि कातकरी. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या उठावानंतर, उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर इथे आले. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. हातमागाचा यंत्रमाग झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या मागांकडे वळलं आणि कामगारांचा ओघ वाढला. अलीकडच्या काळात माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामं उभी राहिली आणि तिथे माल चढवायला, उतरवायला, बांधायला देशभरातून तरुण मुलं येऊ लागली.

माणसं आली ती आपापलं जेवण घेऊन आली. तरी या जेवणांत वाटतं तितकं अंतर नाही. आगरी घरात आणि कोकणी मुस्लिम घरात तांदळाची भाकरी सारखीच, कारण शेत तेच. जवळा आणि बोंबीलही दोन्हीकडे, कारण खाडी तीच. तेलंगणातल्या घरी जो गोंगुरा म्हणून वाटला जातो, त्याच अंबाडीची भाजी आपल्याकडे कण्या घालून आणि वरून लसणाची फोडणी देऊन करतात. बिहारचा सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा, तर आपल्याकडचं सातूचं पीठही भाजलेल्या धान्याचंच. नावं आणि फोडण्या बदलतात, पण भाजणं, आंबवणं, वाळवणं या युक्त्या सगळीकडे त्याच. शेजारचा डबा परका वाटतो तो बहुतेक वेळा पाहिलेला नसतो म्हणून.

बिसी

यंत्रमागावर काम करणाऱ्या बहुतेक परप्रांतीय कामगारांचं घर गावाकडे असतं आणि चूल इथे नसते. बारा-बारा तासांची पाळी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे अनेक जण. अशा माणसाला स्वयंपाक करायला ना जागा, ना वेळ. मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर मिळते, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. या गरजेतून भिवंडीत बिसी उभी राहिली.

बिसी म्हणजे मागवाल्यांची खाणावळ. एखादी खोली, मोठी भगुणी, आणि जमिनीवर ओळीने बसायची जागा. महिन्याचा दर ठरलेला, दोन वेळचं जेवण. डाळ, भात, रोटी, एक भाजी, आणि ठरलेल्या वारी मटण किंवा मासळी. पैसे पगार झाला की द्यायचे, तोवर वहीत नाव. त्यामुळे बिसी जेवणाबरोबर उधारीही देते. नव्याने आलेल्या मुलाला काम कुठे आहे, कोणता मालक पैसे वेळेवर देतो, गावाकडे कोण निघालंय, हे सगळं तिथेच कळतं. मागाच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. दिवसातलं खरं बोलणं ताटावरच होतं.

या व्यवस्थेवर शहर किती टेकलेलं आहे हे मार्च २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदी लागली, माग थांबले, मजुरी थांबली, आणि बिसीच्या भगुण्याला शिधा मिळेना. ज्याच्याकडे स्वतःची चूल नाही त्याच्यासमोर पहिला प्रश्न पोटाचा होता. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक रेल्वे सुटली. तिच्यासाठी झालेल्या गर्दीमागे रोजगाराइतकंच जेवणही होतं.

बिसीची एक मर्यादाही सांगायला हवी. ती बहुधा एका मुलखाच्या माणसांची असते. चव आचाऱ्याच्या गावाची आणि जेवणारेही त्याच बाजूचे. परमुलखात राहणाऱ्याला त्यातून मोठा आधार मिळतो, पण शेजारच्या मुलखाची चव तिथे पोचत नाही. ती पोचते गोदामात, कचेरीत, शाळेत, जिथे प्रत्येक जण आपला डबा आणतो आणि बसायला सावली एकच असते.

गिरणगावच्या अन्नपूर्णा

भिवंडीच्या आधी हीच गरज मुंबईच्या गिरणगावाने भागवली होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना लालबाग-परळच्या चाळींत बाया घरगुती खाणावळी चालवून जेवू घालत. कामगाराचा पगार झाला की खाणावळीचे पैसे येत. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं कर्ज. गिरण्यांचा संप झाला तरी या बाया जेवण बंद करत नसत, त्यासाठी दागिने गहाण पडत. त्यांचं हे काम कोणी काम म्हणून मोजत नव्हतं.

ते मोजलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत घडलेल्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खाणावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण नाही म्हणून ज्यांना बँकेची पायरी माहीत नव्हती, त्यांनी एकमेकींना जामीन राहून कर्ज घेतलं आणि फेडलं. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. दुपारच्या पंगतीचा विचार करताना पंगत वाढणाऱ्या हाताचा हिशेब धरायचा असतो, हे अन्नपूर्णाने महाराष्ट्राला शिकवलं.

त्याच मुंबईत १८९० पासून डबेवाल्यांची परंपरा आहे. महादू हावजी बच्चे यांच्या नावाने तिची सुरुवात सांगतात. मावळ, खेड, जुन्नर, अकोले या भागांतली माणसं घरचा डबा कचेरीपर्यंत नेऊ लागली. नाना जातिधर्मांच्या माणसांनी भरलेल्या शहरात ज्याला त्याला आपल्याच घरचं हवं होतं. म्हणून डबेवाला एका अर्थाने वेगळेपण जपण्याचीही व्यवस्था होती. डबा घरून आला, आता तो उघडून शेजाऱ्यापुढे करायचा की पाठ फिरवून खायचा, हे मात्र डबेवाला ठरवू शकत नव्हता.

पंगतीत कोणाला जागा नव्हती

आपल्याकडे जेवण ही फार काळ माणसं वेगळी ठेवण्याची रीत होती. कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाच्या पंगतीला कोण बसतं, यावर जात टिकून होती. म्हणून महाराष्ट्रातल्या सुधारणेची अनेक पानं खाण्यापिण्याशी येऊन थांबतात. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची खूण म्हणून ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खात, तेही गुपचूप. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे आणि टिळकांसह काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, तर प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला शाहू महाराज स्वतः गाडी थांबवत आणि सोबतच्या सरदारांनाही पाजत. रत्नागिरीत १९३० च्या दशकात सहभोजनं झाली. एका घोटाने किंवा एका घासाने एवढी खळबळ उडत होती, यावरूनच त्या घासात किती ताकद होती ते कळतं.

आपल्या परंपरेत दुसरी वाटही आहे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो. कृष्णकथेतल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची कोणती ते उरलं नाही, आणि वारकरी तोच काला एकमेकांना भरवतात. असंच काहीसं तेलंगणाच्या बतुकम्मा सणात दिसतं. भिवंडीच्या पद्मानगरातही हा सण साजरा होतो. शेवटच्या दिवशी बाया चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा, तिळाचा असे भात करून डब्यांत भरून नेतात, फुलांची बतुकम्मा पाण्यात सोडतात आणि मग ते भात आपसांत वाटून खातात. दोन्हीकडे शिदोरी स्वतःची, पण खायची सगळ्यांत.

भिवंडीने याची उलट बाजूही भोगली आहे. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी हे शहर होरपळलं. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली, एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. या समित्या जेवणासाठी नव्हत्या. पण त्यांचं मर्म तेच आहे जे रोजच्या पंगतीचं आहे: संकट येण्याआधीची, नियमित, तोंडओळखीच्या पुढची ओळख.

एकत्र जेवल्याने काय होतं

गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीकडे नीट पाहिलं आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. जे लोक इतरांसोबत अधिक वेळा जेवतात ते अधिक समाधानी असतात, अडीअडचणीला धावून येतील अशी माणसं त्यांच्याजवळ अधिक असतात आणि आपल्या वस्तीशी त्यांचं नातं घट्ट असतं. अमेरिकेत अग्निशमन दलाच्या केंद्रांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या तुकड्या एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवतात, त्यांची एकमेकांशी साथ चांगली आढळली. अशा पाहण्यांतून कारण आणि परिणाम वेगळे करणं अवघड असतं. मुळात जुळणारी माणसंच एकत्र जेवत असतील असंही म्हणता येतं.

म्हणून केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांचे प्रयोग महत्त्वाचे. त्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या, काहींना एकाच भांड्यातून खायला दिलं, काहींना वेगवेगळ्या. मग एकाला मालकाची आणि दुसऱ्याला कामगारांची बाजू देऊन मजुरीची बोलणी करायला लावली. एकाच भांड्यातून खाणाऱ्यांचं लवकर जमलं. कारणही समजण्यासारखं आहे. एका भांड्यातून खाताना आपण नकळत दुसऱ्याकडे लक्ष देतो. त्याने किती घेतलं, त्याला उरलं का, हे पाहतो. हीच सवय बोलण्यात उतरते.

नवी चव रुळते कशी

शेजाऱ्याच्या डब्यातला पहिला घास पुष्कळांना आवडत नाही, आणि त्यात गैर काही नाही. माणूस जवळपास सगळं खाऊ शकतो, त्यामुळे नवं अन्न त्याला खुणावतं आणि घाबरवतंही. ते विषारी निघालं तर? अनोळखी चवीला नाक मुरडणं ही शरीराची जुनी सावधगिरी आहे. लहान मुलांत ती दोन ते सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत तीव्र असते. तोच पदार्थ दडपण न आणता पुन्हा पुन्हा, कधी आठ-दहा वेळा तर कधी त्याहून जास्त, समोर आला की मुलं तो स्वीकारू लागतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका गावात मिरचीची आवड कशी लागते ते पाहिलं. मुलांना तिथे कोणी तिखट भरवत नाही. थोरांच्या ताटात ते रोज दिसतं, थोडं चाखायला मिळतं, आणि पाच-सहा वर्षांचं होईतो मूल आपणहून मागू लागतं. माणसांचं तेच तिखट उष्टं खाणारी गावातली कुत्री आणि डुकरं मात्र तिखटाची आवड लावून घेत नाहीत. म्हणजे पदार्थ नुसता वाट्याला येऊन भागत नाही, आपल्या माणसांना तो आवडीने खाताना पाहावं लागतं. चव जिभेवर लागते, पण रुजते ती संगतीत.

आपल्याच ताटात याचा पुरावा आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू ही सगळी अमेरिका खंडातून आलेली मंडळी. पोर्तुगिजांच्या वाटेने सोळाव्या शतकापासून ती इथे येऊ लागली. आज ठेच्यावाचून भाकरी आणि बटाट्यावाचून उपास सुचत नाही. जे आपण अगदी आपलं समजतो ते कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा चाखून पाहिलेलं असतं.

डबा टिकतो कसा

दूरच्या वाटेने आलेल्या पदार्थांत टिकण्याचं शहाणपण साठवलेलं असतं. सत्तू आधीच भाजलेला, त्यात ओल नाही. पाणी, मीठ, कांदा आणि मिरची मिळाली की चुलीशिवाय जेवण तयार. लिट्टी बाहेरून खरपूस आणि कोरडी, म्हणून प्रवासात टिकते. सुक्या मासळीत मीठ आणि ऊन मिळून जंतूंना लागणारं पाणी काढून घेतात. चिंचेच्या किंवा लिंबाच्या भातातला आंबटपणा जंतूंना वाढू देत नाही.

साधा भात मात्र जपावा लागतो. तांदळात असलेल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून रात्रीचा भात डब्यात द्यायचा तर तो आदल्या रात्रीच लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. सकाळी केलेलं जेवण वाफ कोंडू न देता भरावं, डबा उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये, आणि उरलेलं संध्याकाळसाठी राखू नये. भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

डबे एकत्र आले की पोषणही सुधारतं. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो डाळीत आणि हरभऱ्यात भरपूर असतो. नुसत्या भाताच्या डब्याला शेजारच्या सत्तूची किंवा पिठल्याची जोड मिळाली की दोघांची उणीव भरून निघते.

वाटून खाण्याची रीत

पंगत सुखाची व्हायची तर काही गोष्टी पाळाव्यात. पहिलं वाढणं उष्टं होण्याआधी, वेगळ्या चमच्याने. पदार्थात काय आहे ते न विचारता सांगावं: मांस, मासळी, अंडं, कांदा-लसूण, शेंगदाणा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. कोणी हलाल पाळतो, कोणी श्रावण, कोणी कंदमूळ खात नाही, कोणाला साखरेचा आजार असतो. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये आणि त्याला पंगतीतून उठवूही नये. न खाता सोबत बसणं हेही एकत्र जेवणंच आहे. दुसऱ्याच्या डब्याच्या वासावर शेरा मारू नये. सुकटीवरून किंवा लसणीवरून एकदा हिणवलं गेलेलं माणूस दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात जाऊन जेवतं.

देणंघेणंही सारखं नसतं. ज्याचा डबा रोज कोरडी भाकरी-चटणीचा, तो संकोचाने मागे राहतो. त्याच्या चटणीला आधी हात घालावा आणि ती कशी केली ते विचारावं. ज्याच्याकडे डबाच नसतो, तो बहुधा कंत्राटी हमाल, सुरक्षारक्षक किंवा झाडलोट करणारा असतो. पंगतीची परीक्षा त्याच्यापाशी होते. शाळेत शिक्षकांनी, कारखान्यात मुकादमाने, कचेरीत साहेबाने आठवड्यातून एक दुपार सगळ्यांसोबत जमिनीवर बसून डबा उघडला, तर कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही इतकं काम होईल. मालकांनी तेवढ्यासाठी बसायला स्वच्छ सावलीची जागा, हात धुवायला पाणी आणि निवांत अर्धा तास द्यावा. ही मागणी मोठी नाही आणि ती पुरी न करण्याला कोणतंही कारण पटण्यासारखं नाही.

आज महाराष्ट्रातली अनेक शहरं भिवंडीसारखीच होत आहेत. पिंपरी, वाळूज, बुटीबोरी इथल्या दुपारच्या सुटीतही दूरदूरच्या मुलखांतले डबे शेजारी शेजारी उघडतात. माणसांना जवळ आणायला लागणारी सगळी सामग्री त्या डब्यांत तयार आहे. वाचकहो, उद्या दुपारी आपला डबा घेऊन नेहमीच्या जागेऐवजी ज्याच्याशी आजवर बोलणं झालं नाही त्याच्या शेजारी बसा, आधी आपलं पुढे करा, मग त्याचं चाखा, आणि पहिला घास आवडला नाही तरी परवा पुन्हा बसा.